अन्नाची शाश्वती आणि आपलें कर्तव्य

(दुष्काळनिवारण समितीच्या सर्वसाधारण सभेंत झालेलें भाषण. सभेच्या इच्छेवरून समितीच्या अहवालाबरोबर व विनंतिपत्राबरोबर छापिलें आहे.)



समितीच्या चिटणिसांनीं मला आजच्या सभेंत अन्नाच्या शाश्वतीविषयीं बोलण्याची आज्ञा केली, ती मी आनंदानें मान्य केली आहे. अन्न महत्त्वाचें आहे, एवढेंच सांगावयाचें असतें तर व्याख्यात्याची गरज नव्हती. तें काम प्रत्येकाचें पोट दिवसांतून दोन वेळां करीतच असतें. सांगण्याजोगी गोष्ट निराळी आहे. गांवच्या बाजारांत धान्य असतांना त्याच गांवांत माणसें उपाशी कां राहतात, पाऊस एक वर्ष चुकला असतां एखादें कुटुंब दहा वर्षें मागें कां जातें, आणि तसें होऊं नये म्हणून कोणीं, कोणत्या वेळीं, काय करावयाचें असतें, हा खरा प्रश्न आहे. समितीनें आज आपल्यापुढें कायमच्या अवर्षण निधीची जी सूचना ठेविली आहे, तिचा विचार या प्रश्नाच्या उजेडांत व्हावा, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतु आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ नीट करून घेऊं. १९७४ सालीं रोम येथें जागतिक अन्नपरिषद भरली, तेव्हां अन्नाची शाश्वती म्हणजे जगांत धान्याचा पुरेसा पुरवठा असणें, असाच अर्थ मुख्यत्वेंकरून धरला जात होता. पुढें बावीस वर्षांनीं, १९९६ सालीं, त्याच शहरीं जी अन्नशिखर परिषद झाली, तिनें हा अर्थ पुष्कळ व्यापक केला. प्रत्येक मनुष्यास, सर्व काळीं, पुरेसें, निर्भेळ व पौष्टिक अन्न मिळविण्याची सोय व ऐपत असणें, याला तिनें अन्नाची शाश्वती म्हटलें. यांत चार गोष्टी येतात. अन्न असलें पाहिजे. तें ज्याचें त्याच्या हातीं पडलें पाहिजे. खाल्लेलें अंगीं लागलें पाहिजे, म्हणजे त्याच्या जोडीला स्वच्छ पाणी व आरोग्य पाहिजे. आणि हें सर्व एका सुगीपुरतें नव्हे, तर वर्षानुवर्षें टिकलें पाहिजे. आपल्या साध्या भाषेंत सांगावयाचें तर, पेवांत ज्वारी असणें ही एक गोष्ट, ती मजुराच्या ताटांत येणें ही दुसरी, तिनें मुलाच्या अंगावर मूठभर मांस चढणें ही तिसरी, आणि पुढच्या ज्येष्ठांतहि चूल पेटेल असा भरंवसा असणें ही चौथी. पहिली साधली म्हणजे बाकीच्या तीन आपोआप साधतात, ही समजूत फार जुनी आहे, आणि तिनें फार माणसें मारिलीं आहेत.

आपल्या महाराष्ट्राला हा विषय नवा नाहीं. सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेचा जो पट्टा नगर व पुण्याच्या पूर्व भागापासून माणदेश, सांगोला, आटपाडी, जत असा खालीं कर्नाटकाकडे उतरतो, तेथील शेतकऱ्याला अवर्षण हा क्वचित् येणारा पाहुणा नव्हे. तो घरांतलाच आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षें टिकला, असें परंपरा सांगते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं बेदरच्या बादशहाचीं अंबारें उपाशी रयतेसाठीं खुलीं केलीं, ही कथा आपण सर्व लहानपणापासून ऐकत आलों आहों. तिच्यांतील चमत्काराचा भाग ज्यानें त्यानें आपल्या श्रद्धेप्रमाणें घ्यावा. परंतु एक व्यावहारिक सत्य तिच्यांत स्पष्ट आहे. त्या वर्षीं मंगळवेढ्यांत धान्य नव्हतें असें नाहीं. धान्य होतें, त्याला कुलूप होतें, आणि किल्ली वेळेवर फिरविणारा एक माणूस निघाला.

पुढें १६३० ते १६३२ या सालांतील दुष्काळानें दक्षिण व गुजराथ ओसाड पाडलीं. देहूच्या तुकोबांचें घराणें महाजनकीचें व व्यापाराचें. त्या दुष्काळांत त्यांचा व्यापार बुडाला आणि त्यांची प्रथम पत्नी अन्नावांचून गेली. नंतर लोकांकडील येण्याचीं जीं खतें घरांत होतीं, त्यांची भावाबरोबर वांटणी करून आपल्या हिश्श्याचीं खतें त्यांनीं इंद्रायणींत सोडलीं, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. येथें बसलेल्या सावकार मंडळींनीं आपलीं खतें नदींत सोडावीं, असें सांगण्यास मी आलेलों नाहीं. त्यांनीं निर्धास्त असावें. परंतु दुष्काळ ज्यानें स्वतःच्या घरांत पाहिला, तो त्या वर्षाची वसुली सुगीच्या वर्षाच्या मापानें मोजीत नाहीं, एवढा बोध त्यांतून घेण्यास कोणाची हरकत नसावी.

आतां ज्या काळाचे कागद उपलब्ध आहेत त्याकडे येऊं. १८७६ ते १८७८ या सालांत मद्रास इलाखा, म्हैसूर, निजामचें राज्य आणि मुंबई इलाख्याचे दख्खन व कर्नाटकांतील जिल्हे, एवढा मुलूख दुष्काळानें होरपळून निघाला. एकट्या ब्रिटिश मुलखांत ५० लाखांहून अधिक माणसें मेलीं, असा त्या वेळच्या सरकारी कमिशनचाच अंदाज आहे. आगगाडी तेव्हां झालेली होती. सोलापुराहून मुंबईपर्यंत रूळ होते. परंतु आगगाडी धान्य जसें आणते तसेंच नेतेहि. आणि माल नेहमीं तिकडेच धांवतो, जिकडे त्याची किंमत देणारा उभा असतो. ज्यांच्या गांठीं पैसा नव्हता, त्यांच्या डोळ्यांदेखत गाड्या पुढें गेल्या, आणि त्याच वर्षांत हिंदुस्थानांतून विलायतेस गहूंहि जात राहिला. सरकारी कामांवरील मजुरी १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांच्या सूचनेवरून उतरविण्यांत आली. मोठ्या माणसास दिवसाकांठीं एक पौंड धान्य व वर अगदीं थोडे पैसे, एवढ्यावर ती आली. दिवसभर खडी फोडणाऱ्याचें एवढ्यांत भागेना. मुंबई इलाख्यांत हजारों मजूर कामें सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकारानें, त्यांची बाजू घेतली. गांवोगांवची हकीकत गोळा केली, आणि ती वारंवार सरकारपुढें मांडली. त्याच सुमारास जोतीराव व सावित्रीबाई फुले आणि सत्यशोधक समाजाची मंडळी यांनीं पुण्याजवळ धनकवडी येथें दुष्काळग्रस्त मुलांच्या जेवणाची सोय चालविली. एकानें खरी माहिती गोळा केली, दुसऱ्यानें मुलांच्या पानांवर भाकरी वाढली. दुष्काळांत हीं दोन्हीं कामें सारख्याच तोलाचीं आहेत.

या संकटानंतर जें कमिशन बसलें, त्याचा अहवाल १८८० सालीं निघाला. त्यांतील मुख्य निष्कर्ष दात्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कमिशननें असें दाखविलें कीं, अवर्षणाचा पहिला घाव धान्यावर पडण्यापूर्वीं कामावर पडतो. पाऊस नाहीं म्हणून पेरणी नाहीं, पेरणी नाहीं म्हणून खुरपणी, कापणी, मळणी नाहीं. आणि ज्यांचें पोट रोजच्या मजुरीवर, त्यांची मजुरी त्या दिवसापासून थांबते. शेतमजूर प्रथम उपाशी पडतो. त्यामागून विणकर, चांभार, कुंभार, कारण शेतकऱ्याच्या हातीं पैसा नसला म्हणजे लुगडें, जोडा, मडकें कोण घेणार? धान्याचा व्यापारी मात्र अखेरपर्यंत दुकान उघडें ठेवूं शकतो. त्याच्या दुकानांत माल असतो, फक्त उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या हातीं दाम नसतो. याच विचारावर पुढें निरनिराळ्या प्रांतांचे दुष्काळाचे कायदेनियम उभारले गेले: काम द्या, मजुरी द्या, जे काम करूं शकत नाहींत त्यांना फुकट अन्न द्या, आणि हें सर्व माणसें गांव सोडून निघण्यापूर्वीं करा.

नियम झाले म्हणजे काम झालें, असें मात्र नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत लोकमान्य टिळकांनीं 'केसरी'तून व सार्वजनिक सभेच्या द्वारें रयतेस हे नियम समजावून सांगितले. मदत मागणें ही भीक नसून तो आपला हक्क आहे, हें लोकांच्या मनावर ठसविलें. आणि तेवढ्यावर न थांबतां त्यांनीं व्यापाऱ्यांच्या साह्यानें स्वस्त धान्याचीं दुकानें उघडविलीं, व सोलापूर-नगरच्या विणकरांस त्यांच्या स्वतःच्याच धंद्यांत काम मिळावें अशी योजना मांडली. विणकराला खडी फोडावयास लावलें तर त्याचे हात बिघडतात आणि दुष्काळ सरल्यावर तो मागावर बसूं शकत नाहीं, ही बारीक गोष्ट ज्याच्या ध्यानांत येते, त्यालाच साह्य कसें करावें हें कळलें असें म्हणावें.

यानंतर १९४३ सालचा बंगाल. या दुष्काळाचा अभ्यास प्रोफेसर अमर्त्य सेन यांनीं करून १९८१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशेबाप्रमाणें त्या वर्षीं बंगाल्यांतील धान्याचा पुरवठा मागील पांच वर्षांच्या सरासरीहून सुमारें ५ टक्केच कमी होता, आणि १९४१ सालाहून तर तो सुमारें १३ टक्क्यांनीं अधिक होता. १९४१ सालीं दुष्काळ पडला नाहीं. १९४३ सालीं मात्र सरकारी चौकशी कमिशनच्या मतें १५ लाख, व पुढील अभ्यासकांच्या मतें ३० लाखांपर्यंत माणसें मेलीं. मध्यंतरीं झालें काय? युद्धाचा खर्च, नोटांची वाढ, ब्रह्मदेशचा बंद झालेला तांदूळ, किनाऱ्यावरील जप्त झालेल्या नावा, आणि भाव चढणार या धास्तीनें जिकडेतिकडे दाबून ठेविलेला माल. कलकत्त्यास डिसेंबर १९४२ मध्यें तांदूळ मणास १३-१४ रुपये होता. मे १९४३ मध्यें तो ३० रुपयांच्या वर गेला, आणि ऑगस्टांत ३७ झाला. मजुरी त्या मानानें चढली नाहीं. कलकत्त्याच्या कारखान्यांतील कामगार तरले, कारण त्यांच्या मालकांनीं त्यांना स्वस्त धान्य पुरविलें. मेले ते खेड्यांतील भूमिहीन मजूर, कोळी, नावाडी व कारागीर. ज्यांनीं मासा धरला, होडी वल्हविली, भात कापलें, त्यांनाच भात मिळाला नाहीं. हें उदाहरण मी व्यापारी वर्गास दोष देण्यासाठीं सांगत नाहीं. व्यापार हा दुष्काळाचा वैरी आहे. भरलेल्या मुलखांतून रित्या मुलखांत माल नेतो तो व्यापारीच. परंतु धास्तीच्या दिवसांत चारशें माणसें चार-चार पोतीं अधिक ठेवूं लागलीं, म्हणजे कोणा एकाचा वाईट हेतु नसतांहि बाजार कोरडा पडतो. अशा वेळीं बाजारांतील दोन-चार वजनदार पेढ्यांनीं माल उघडा ठेवला, तर सर्वांचा धीर टिकतो. तो धीर देणें हें पैशाहूनहि मोठें दान आहे.

आतां याच्या उलट एक उदाहरण देतों, आणि तें आपल्याच घरचें आहे. १९७० पासून महाराष्ट्रांत ओळीनें पिकें हुकत गेलीं, आणि १९७२-७३ सालीं कित्येक तालुक्यांत पेरलेलें बींहि परत आलें नाहीं. विहिरी आटल्या, गुरें गेलीं, रेशनावर परदेशची तांबडी मिलो खावी लागली. त्या वर्षीं राज्याराज्यांमधील खासगी धान्यव्यापारावर निर्बंध होते, म्हणून बाहेरून माल सहज येण्याचीहि सोय नव्हती. धान्याच्या तुटीकडेच पाहिलें असतें, तर १८७६ ची पुनरावृत्ति व्हावयाची. ती झाली नाहीं. कारण गांवोगांवीं पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी फोडणें अशीं कामें काढण्यांत आलीं, आणि मे १९७३ मध्यें त्या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसें होतीं. स्त्रिया फार मोठ्या संख्येनें आल्या. मुलांना व कामावरील मजुरांना सुकडी वांटली गेली. हाल झाले, पुष्कळ झाले. ज्यांनीं तीं वर्षें पाहिलीं त्यांच्यापुढें मी तें नाकारणार नाहीं. परंतु उपासमारीनें माणसांच्या राशी पडल्या नाहींत. ज्यां द्रेज यांच्यासारख्या अभ्यासकांनीं या वर्षाचा बारकाईनें विचार करून असें दाखविलें आहे कीं, मजुरीचा पैसा गरिबांच्या हातीं पडल्यामुळें, जें थोडें धान्य होतें तें सर्व थरांत वांटलें गेलें. श्रीमंतानेंहि थोडें कमी खाल्लें आणि गरीब जगला. घास लहान झाला, पण पंगत उठली नाहीं.

याच अनुभवांतून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना पक्की झाली. तिचें बीज वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं सांगली जिल्ह्यांत तासगांवच्या भागांत लाविलें होतें. १९७७ सालीं विधिमंडळानें कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. जो मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, न दिल्यास भत्ता, असा त्याचा गाभा. पुढें २००५ सालीं सर्व देशासाठीं रोजगार हमीचा जो कायदा झाला, त्याचा नमुना महाराष्ट्रानेंच घालून दिला होता. या ठिकाणीं आपणां सर्वांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. या योजनेसाठीं लागणारा पैसा उभारावा म्हणून १९७५ सालीं व्यवसायकर बसला. विक्रीकर, मोटारगाड्या व बागाईत जमिनी यांवरहि जादा आकार घेण्यांत आला, आणि तितकीच भर सरकारनें आपल्या तिजोरींतून घालावी असें ठरलें. म्हणजे शहरांतील पेढीवाला, नोकरदार आणि पाटाच्या पाण्याचा बागाईतदार यांनीं कोरडवाहू मजुराच्या भाकरीस हात लावावा, हें तत्त्व या राज्यानें कायद्यानें मान्य केलें. आज समिती आपल्यापाशीं जें मागत आहे, तें त्याच तत्त्वाचें स्वेच्छेनें केलेलें पालन होय.

यावर कोणी असें म्हणेल कीं, सरकार एवढें करीत असतां खासगी समितीचें काम काय? प्रश्न रास्त आहे. १९६५ सालीं धान्याची खरेदी व सांठा करण्यासाठीं भारतीय अन्न महामंडळ स्थापन झालें. तेव्हां आपण अमेरिकेच्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसलों होतों, आणि आज देशाच्या कोठारांत स्वतःचें धान्य आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें खेड्यांतील ७५ टक्क्यांपर्यंत व शहरांतील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येस माणशीं दरमहा ५ किलो धान्याचा, आणि अत्यंत गरीब कुटुंबास ३५ किलोंचा हक्क मिळाला. १ जानेवारी २०२३ पासून हें धान्य विनामूल्य दिलें जातें. ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि तिचें श्रेय दिलेंच पाहिजे. आतां आपल्याकडे माणसें रस्त्यावर उपासमारीनें पडत नाहींत. परंतु दुष्काळ गेला नाहीं. त्यानें वेष बदलला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्यें महाराष्ट्र सरकारास १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला, ऑक्टोबर २०२३ मध्यें ४० तालुक्यांत. एप्रिल २०१६ मध्यें लातूरकरांस पिण्याचें पाणी मिरजेहून, तीनशें किलोमीटरांहून अधिक अंतरावरून, आगगाडीनें आणून पाजावें लागलें. रेशनावर तांदूळ-गहूं मिळतो. डाळ, तेल, दूध, भाजी मिळत नाहीं. माणसाला धान्य मिळतें. त्याच्या बैलाला कडबा मिळत नाहीं.

आजच्या दुष्काळाचें नुकसान कोठें होतें तें पाहा. ज्वारी गेली म्हणजे दाणा गेला तसा कडबाहि गेला. कडबा गेला म्हणजे माघ-फाल्गुनांतच जनावर बाजारांत उभें राहतें. आणि सर्वांचींच जनावरें एकाच आठवड्याच्या बाजारीं आलीं म्हणजे जोडीची किंमत एका बैलाचीहि येत नाहीं. बैल गेला, गाय गेली म्हणजे शेण गेलें, दूध गेलें, पुढच्या मृगाची पेरणी उधारीवर गेली. मग बायकोच्या अंगावरचा डाग, मग पतपेढीचें व खासगी कर्ज, मग जमिनीचा तुकडा. त्यानंतर नवराबायको कोयता घेऊन ऊसतोडीला जातात; मुलगा शाळेंतून निघून त्यांच्या मागें चालूं लागतो, म्हातारीं माणसें गांवांत कुलपाची राखण करीत बसतात, आणि पोरगी बरोबर न्यावी कीं मागें ठेवावी या चिंतेनें तिचें लग्न वय भरण्यापूर्वींच उरकलें जातें. या सर्व प्रकारांत कोणीहि उपासमारीनें मेला अशी नोंद होत नाहीं. परंतु पाऊस आल्यानंतरहि तें कुटुंब पूर्वस्थितीवर येत नाहीं. कारण ज्या साधनांनीं यावयाचें तीं साधनेंच त्यानें खाऊन टाकलेलीं असतात. पोषणाचा हिशेबहि असाच आहे. २०१९-२१ सालच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकीं सुमारें ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. लहानपणीं हुकलेला घास मोठेपणीं भरून काढतां येत नाहीं. पुढें तेंच मूल आपल्या दुकानांत हमाल, आपल्या शेतांत सालगडी आणि आपल्या गांवचा नागरिक होणार आहे, हें व्यापारी व बागाईतदार मंडळींनीं स्वार्थाच्या दृष्टीनेंहि ध्यानांत घ्यावें. गिऱ्हाइकाच्या घरीं दाणा नाहीं तेव्हां पेढीवरहि बरकत राहत नाहीं.

म्हणून समितीची सूचना अशी आहे कीं, वर्गणी दुष्काळ पडल्यावर गोळा करूं नये. सुगीच्या वर्षांत निधि उभारावा. यांत शुद्ध हिशेब आहे. रब्बीची ज्वारी निघाल्यावर कडबा स्वस्त असतो आणि वैशाखांत त्याच पेंढीला सोन्याचें मोल येतें. तोच रुपया तेव्हां दिला तर अधिक जनावरें वांचतात. बाजरी, तूर, मटकी, हुलगा यांचें चांगलें बीं सुगींत निवडून ठेवलें तर मिळतें. पाऊस पडल्यावर धांवाधांव करून मिळत नाहीं. विहिरीचा गाळ पाणी आटल्यावर काढावयाचा असतो, आणि शेताची बांधबंदिस्ती मजूर रिकामा असतो तेव्हां करावयाची असते. फुटलेल्या बंधाऱ्याला माती लावण्यास पूर येईपर्यंत थांबणारा मनुष्य शहाणा म्हणवत नाहीं; पैशाच्या बाबतींत मात्र आपण नेमकें तसेंच करीत आलों आहों.

आतां प्रत्येक वर्गापाशीं समितीचें काय मागणें आहे, तें स्पष्ट सांगतों. व्यापारी मंडळींपाशीं तीन गोष्टी: अवर्षणाच्या वर्षीं बाजारांत माल उघडा ठेवावा, डाळ, तेल व गूळ हे तीन जिन्नस मूळ खरेदीच्या भावानें विकणारें एक दुकान समितीबरोबर चालवावें, आणि त्या वर्षाची उधारी पुढील दोन सुगींवर वांटून घ्यावी. बागाईतदारांपाशीं तीन: ज्याच्या मळ्यांत पाणी आहे त्यानें चाऱ्यासाठीं थोडें क्षेत्र राखावें, विहिरीवरून शेजारच्या वस्तीला पिण्यापुरतें पाणी अडवूं नये, आणि गाळ काढणें, ताली घालणें, झाडें लावणें हीं आपल्या शेतांतील कामें मजुरांस गरज असेल त्या महिन्यांत काढावीं. आणि एक चौथी गोष्ट मागण्यास थोडें धैर्य लागतें, पण ती मागतों: अडलेल्या शेजाऱ्याची जमीन किंवा जनावर त्या वर्षीं पडत्या भावानें घेऊं नये. कायदा त्याला मनाई करीत नाहीं. पण गांव तें विसरत नाहीं. दात्यांपाशीं मागणें एकच: एकदां मोठी रक्कम देऊन मोकळें होण्यापेक्षां दरसाल ठरलेली रक्कम द्यावी, मग ती लहान कां असेना. ज्या निधीची आवक आधीं ठाऊक असते, त्यालाच आधीं खरेदी करतां येते.

धर्मादायानें लोक आळशी होतात, अशी एक शंका नेहमीं येते. तिचें उत्तर १९७३ च्या मे महिन्यानें दिलें आहे. वैशाखाच्या उन्हांत खडी फोडण्यासाठीं जवळजवळ अर्धा कोटी माणसें आपण होऊन आलीं, त्यांच्यावर आळसाचा आरोप कोण करील? काम करूं शकणाऱ्यास काम, आणि म्हातारा, आजारी, बाळंतीण व मूल यांस अन्न, हीच समितीची रीत राहील. दुसरी शंका हिशेबाची. ती विचारण्याचा दात्यास पूर्ण अधिकार आहे. प्रत्येक रुपयाची पावती व प्रत्येक खर्चाची नोंद अहवालांत छापली जावी, आणि ज्यास पाहावयाचें असेल त्यास वह्या केव्हांहि दाखवाव्या, अशी माझी समितीस सूचना आहे. मात्र दात्यांचीं नांवें छापावीं, घेणाऱ्यांचीं छापूं नयेत. ज्या घरानें आपल्या दारीं आलेल्याला कधीं विन्मुख पाठविलें नाहीं, त्या घरावर एक वर्ष हात पसरण्याची पाळी आली तर ती गोष्ट पुस्तकांत राहूं नये.

सभ्य गृहस्थहो, पाऊस आपल्या हातीं नाहीं. पाऊस चुकल्यावर मजुराच्या हातीं काम राहील कीं नाहीं, बैलाच्या पुढें पेंढी राहील कीं नाहीं, मूल शाळेंत राहील कीं नाहीं, हें मात्र पुष्कळसें या मंडपांत बसलेल्या मंडळींच्या हातीं आहे. गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास एवढेंच सांगतो कीं, जेथें वेळेवर मजुरी व मदत पोंचली तेथें अवर्षण आलें आणि गेलें. जेथें उशीर झाला तेथें तेंच अवर्षण दुष्काळ झालें. दोहोंमधील अंतर पुष्कळदां चार-सहा आठवड्यांचेंच होतें. तेवढे आठवडे आधीं विकत घेऊन ठेवण्यासाठीं हा निधि आहे. समितीचे सभासद सभेनंतर दाराशीं वर्गणीची वही घेऊन उभे राहतील. तिच्यांत रक्कम घालण्यापूर्वीं आपल्या शेजारच्या एका कोरडवाहू घराचें नांव मनांत आणावें, आणि मग आंकडा लिहावा, एवढीच विनंती आहे.